डॅटच्या जीवशास्त्रासाठी तयार फ्लॅशकार्डे: सात महिन्यांच्या वापरानंतर

अमेरिकेतील दंतवैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी द्यावी लागणारी डेंटल ॲडमिशन टेस्ट, म्हणजेच डॅट, मी पाच आठवड्यांनी देणार आहे. तिच्यातील जीवशास्त्राच्या तयारीसाठी सात महिन्यांपूर्वी मी ३,४०० फ्लॅशकार्डांचा एक तयार संच विकत घेतला आणि तो अँकी या, ठरावीक अंतराने कार्डांची उजळणी घेणाऱ्या मोफत प्रणालीत घालून, मधले काही दिवस वगळता, रोज वापरला. संचाचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही, कारण माझ्या तक्रारींपैकी निम्म्याच त्याच्याविषयी आहेत. उरलेल्या निम्म्या मी तो ज्या रीतीने वापरला त्या रीतीविषयी आहेत, आणि या दोहोंची सरमिसळ होऊ नये असे मला वाटते.

प्रथम परीक्षेविषयी थोडेसे, कारण त्याशिवाय हा संच घ्यावासा का वाटला ते कळणार नाही. डॅटच्या विज्ञान विभागात ९० मिनिटांत १०० प्रश्न सोडवायचे असतात. त्यांपैकी ४० जीवशास्त्राचे, ३० सामान्य रसायनशास्त्राचे आणि ३० सेंद्रिय रसायनशास्त्राचे असतात, म्हणजे सरासरी एका प्रश्नाला ५४ सेकंद मिळतात. रसायनशास्त्राच्या दोन्ही भागांत अभ्यासाची हद्द तरी दिसते. इतक्या अभिक्रिया, इतकी सूत्रे, आणि त्यांच्यापलीकडे सहसा कोणी जात नाही. जीवशास्त्राला मात्र अशी हद्द नाही. पेशीपटलापासून परिसंस्थेपर्यंत आणि बुरशीच्या प्रजननापासून माणसाच्या प्रतिकारशक्तीपर्यंत काहीही विचारले जाऊ शकते, आणि प्रत्येक घटकावर एखाद-दुसराच प्रश्न येत असल्याने कुठे किती खोल जायचे याचा अंदाज लागत नाही. पदवीला माझा मुख्य विषय संगणकशास्त्र होता. जीवशास्त्राशी संबंध आला तो केवळ प्रवेशाची पूर्वअट म्हणून घेतलेल्या वर्षभराच्या अभ्यासक्रमापुरता. अशा वेळी ‘संपूर्ण अभ्यासक्रम कार्डांत’ असे आश्वासन कोणी दिले, तर माझ्यासारखी माणसे त्याला भुलणारच.

पहिले दोन महिने समाधानाचे गेले. मी रोज ४५ नवी कार्डे घेत होते, त्यामुळे साधारण अडीच महिन्यांत सगळा संच एकदा डोळ्यांखालून जाणार होता. नव्या कार्डांचे ओझे त्याच दिवशी संपत नाही, ते पुढच्या आठवड्यांत उजळणीच्या रूपाने परत येते, हे मला ऐकून ठाऊक होते. अनुभव मात्र आठव्या आठवड्यात आला. तेव्हा रोजच्या उजळणीचा आकडा ३८० च्या आसपास स्थिरावला होता. तापामुळे चार दिवस खंड पडला आणि पाचव्या दिवशी ११०० हून अधिक कार्डे समोर उभी राहिली. ती संपवायला मला संपूर्ण शनिवार लागला आणि त्या दिवशी पुस्तक उघडलेसुद्धा नाही. खरी गोष्ट अशी की, पुस्तक उघडणे त्याआधीच जवळजवळ बंद झाले होते, कारण उजळणी संपेपर्यंत डोके इतके शिणलेले असे की ‘आजचा जीवशास्त्राचा अभ्यास झाला’ असे मी मनाशी ठरवून टाकत असे.

संचातील दोष सांगायचे तर सर्वांत मोठा दोष परस्परविरोधाचा आहे. हा संच वेगवेगळ्या वर्षांच्या टिपणांतून गोळा केलेला असावा, असे वापरताना पावलोपावली जाणवते. ग्लुकोजच्या एका रेणूपासून किती एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू, मिळतात, या प्रश्नाला एका कार्डाचे उत्तर ३६ ते ३८ आहे आणि दुसऱ्याचे ३० ते ३२. पहिला आकडा जुन्या पाठ्यपुस्तकांतला आहे आणि दुसरा अलीकडच्या, एवढी एक ओळ तिथे असती तरी काम भागले असते. वर्गीकरणाच्या भागात व्हिटेकर यांची १९६९ ची पाच सृष्टींची मांडणी आणि वूस व त्यांच्या सहकाऱ्यांची १९९० ची तीन अधिक्षेत्रांची मांडणी शेजारी शेजारी नांदतात, पण दोन्हींचे नाते सांगणारे एकही कार्ड नाही. परिणामी जिवाणू आणि त्यांच्यासारखेच एकपेशीय आर्किया हे एकाच ‘मोनेरा’ सृष्टीत मोडतात की दोन स्वतंत्र अधिक्षेत्रांत, याचे उत्तर मी कार्डाचा रंग पाहून देत असे.

ज्या दोषाने मला हसावे की रडावे ते कळेना, तो दातांविषयीचा होता. भ्रूणविकासाच्या भागात ‘डेंटिन: मध्यस्तर’ असे कार्ड आहे, म्हणजे दाताचा इनॅमलखालचा कठीण भाग भ्रूणाच्या मधल्या थरापासून बनतो. वास्तविक दातावरील इनॅमल बाह्यस्तरापासून बनते, तर डेंटिन आणि पल्प न्यूरल क्रेस्ट या भ्रूणातील पेशीसमूहातून आलेल्या पेशींपासून बनतात, आणि न्यूरल क्रेस्टचा उगमही बाह्यस्तरातच असतो. भावी दंतवैद्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या संचात नेमका दातच चुकावा, हा योग विलक्षणच म्हणायचा. मी विक्रेत्याला कळवले. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करू असे सौजन्यपूर्ण उत्तर आले. त्याला आता चार महिने झाले आहेत आणि कार्ड जिथल्या तिथे आहे.

दुसरा दोष प्रमाणाचा. परीक्षा घेणाऱ्या अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या मार्गदर्शिकेत घटकवार प्रश्नसंख्या दिलेली असते. तिच्यानुसार जीवसृष्टीच्या विविधतेवर ४० पैकी जेमतेम ३ प्रश्न येतात, तर उत्क्रांती, परिस्थितिकी आणि प्राणिवर्तन यांवर मिळून ८ येतात. या संचात पहिल्या घटकाला सहाशेच्या वर कार्डे आहेत आणि दुसऱ्याला सव्वादोनशेसुद्धा नाहीत. कारण उघड आहे: संघ, वर्ग आणि त्यांची लक्षणे यांची कार्डे बनवणे सोपे असते, तर नैसर्गिक निवडीविषयीचा विचार एका ओळीत बसवणे अवघड असते. मी हे प्रमाण सहाव्या महिन्यात तपासले. विकत घेण्यापूर्वी तपासले असते तर बरे झाले असते.

इथवरच्या तक्रारी विक्रेत्याच्या खात्यावर. आता माझ्या खात्याकडे वळते.

चौथ्या महिन्याच्या अखेरीस मी पहिली पूर्ण वेळेची सराव परीक्षा दिली. त्या दिवशी सकाळी अँकीचा आलेख सांगत होता की, पक्की झालेली, म्हणजे २१ दिवस किंवा त्याहून अधिक अंतराने येणारी कार्डे मला ९१ टक्के वेळा आठवतात. दुपारी जीवशास्त्राच्या ४० प्रश्नांपैकी माझे २२ बरोबर आले. संध्याकाळी मी चुकलेले १८ प्रश्न घेऊन बसले आणि प्रत्येकाशी संबंधित कार्ड संचात शोधले. पाच प्रश्नांतील माहिती संचात नव्हती. उरलेल्या तेरांची कार्डे संचात होती, आणि त्या तेराही कार्डांवर गेल्या महिनाभरात मी बिनदिक्कत ‘गुड’, म्हणजे ‘नीट आठवले’, हे बटण दाबलेले होते.

त्या तेरांपैकी दोन इथे सविस्तर देते. लोकसंख्येतील जनुकांचे प्रमाण सांगणाऱ्या हार्डी-वाइनबर्ग यांच्या तत्त्वाचे कार्ड मी दोन सेकंदांत सोडवत असे. समोर नाव आले की समीकरण तोंडून बाहेर पडे. परीक्षेतील प्रश्न असा होता: एका लोकसंख्येत दर १०,००० व्यक्तींमागे एकीला एक अप्रभावी विकार आहे, तर वाहक, म्हणजे विकार न होता त्याचे जनुक बाळगणारे, साधारण किती? मी ‘क्यू’ची, म्हणजे विकाराच्या जनुकाच्या प्रमाणाची, किंमत एक दहासहस्रांश धरली आणि तिथेच फसले. विकार दिसतो तो ‘क्यू’च्या वर्गामुळे, म्हणून ‘क्यू’ शंभरांश येतो, ‘पी’, म्हणजे निर्दोष जनुकाचे प्रमाण, जवळजवळ एक, आणि वाहक दोन ‘पीक्यू’, म्हणजे सुमारे दोन टक्के, पन्नासात एक. या विभागात कॅल्क्युलेटर मिळत नाही, पण तो मिळाला असता तरी माझे उत्तर चुकलेच असते. समीकरणातील कोणते अक्षर खऱ्या माणसांच्या कोणत्या गटासाठी आहे, हे मला कोणत्याही कार्डाने कधी विचारलेच नव्हते.

दुसरा प्रश्न मूत्रपिंडाचा होता. हेन्लेच्या वेटोळ्याच्या जाड चढत्या भुजेतील क्षारांचे शोषण एखाद्या औषधाने रोखले, तर लघवीच्या प्रमाणावर काय परिणाम होईल? माझ्या डोक्यात कार्ड पाठ होते: ‘चढती भुजा: पाण्यास अपार्य’. तिथून पाणी जातच नसेल तर फरक कसा पडणार, असा विचार करून मी ‘परिणाम नाही’ हा पर्याय निवडला. प्रत्यक्षात त्या भुजेतून बाहेर पडणारे क्षारच मूत्रपिंडाचा आतला भाग खारट ठेवतात, आणि त्या खारटपणाच्याच बळावर पुढे संग्राहक नलिकेतून एडीएच या संप्रेरकाच्या मदतीने पाणी परत शोषले जाते. क्षार रोखले की खारटपणा ओसरतो आणि लघवी वाढते. अवरोही भुजा, आरोही भुजा, संग्राहक नलिका आणि एडीएच यांची चारही कार्डे मला येत होती. ती चार कार्डे एकाच अवयवाविषयी बोलत आहेत, हे तेवढे येत नव्हते.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि तिने मला अधिक अस्वस्थ केले. स्त्रीबीजाच्या अर्धसूत्री विभाजनावरील एका कार्डात एक शब्द चुकून दोनदा छापला गेला आहे. तो दुहेरी शब्द नजरेस पडला की ‘मेटाफेज टू’ (दुसऱ्या विभाजनाचा एक टप्पा) हे उत्तर आपोआप ओठांवर येई. वाक्य वाचण्याची गरजच उरली नव्हती. एकदा मी तोच प्रश्न कागदावर स्वतःच्या शब्दांत लिहून पाहिला, की अंडमोचनाच्या वेळी बाहेर पडणाऱ्या पेशीचे कोणते विभाजन अपुरे असते, आणि मी चक्क अडखळले. मुद्रणदोष पाठ झाला होता, विषय नव्हे.

यात अँकीची चूक काढणे अन्यायाचे होईल. ठरावीक आणि वाढत्या अंतराने उजळणी करण्याची कल्पना भक्कम आहे. हेर्मान एबिंगहाऊस यांनी विस्मरणाचा आपला अभ्यास १८८५ मध्ये प्रसिद्ध केला, पिओत्र वोझ्नियाक यांनी १९८७ मध्ये उजळणीचे अंतर ठरवणारे गणित संगणकावर आणले, आणि २००६ पासून अँकी तीच परंपरा चालवत आले आहे. मात्र एबिंगहाऊस यांनी स्वतःवर जे प्रयोग केले, ते मुद्दाम तयार केलेल्या निरर्थक अक्षरसमूहांवर केले होते, हे वाचले तेव्हा मी क्षणभर थबकले. त्यांना अर्थ नको होता, म्हणून त्यांनी तो काढून टाकला होता. मी मात्र अर्थाने ओथंबलेला विषय घेऊन त्याचे ३,४०० निरर्थक तुकडे पाठ करत बसले होते.

पाचव्या महिन्यापासून मी पद्धत बदलली. नवी कार्डे पूर्ण थांबवली. रोज एक घटक पुस्तकातून वाचायचा, पुस्तक मिटायचे आणि कोऱ्या कागदावर आकृती काढायची. पहिल्यांदा नेफ्रॉन, म्हणजे मूत्रपिंडातील सूक्ष्म नळी, काढला तेव्हा नळी कुठून कुठे जाते हेच आठवेना. चौथ्या खेपेला बाणांसह पूर्ण आकृती सहा मिनिटांत आली. त्यानंतर प्रश्न सोडवायचे आणि चुकलेल्या प्रश्नावरच, तोही ‘काय’ऐवजी ‘का’ किंवा ‘झाले तर काय’ असा, स्वतःचे कार्ड लिहायचे. असे कार्ड लिहायला पाच-सहा मिनिटे लागतात, पण लिहितानाच निम्मे काम होऊन जाते. तयार संचातील पुष्कळशी कार्डे मी या काळात बाजूला काढली. संप्रेरके व त्यांच्या ग्रंथी, पाचक विकरे, प्रतिपिंडांचे पाच प्रकार आणि प्राणिसंघांची लक्षणे एवढीच ठेवली, कारण जिथे खरोखर नावेच लक्षात ठेवायची असतात तिथे हा संच उत्तम काम देतो आणि तिथे माझी त्याच्याविषयी काहीच तक्रार नाही. दुसऱ्या सराव परीक्षेत जीवशास्त्राचे २८ बरोबर आले, तिसरीत ३१. अजून हवे तितके नाहीत, पण आता चुकलेल्या प्रश्नाचे स्पष्टीकरण वाचताना ‘हे तर मला येत होते’ असा संताप क्वचितच होतो.

हा संच घ्यावा का, असे कोणी विचारले तर मी म्हणेन की, ज्यांनी पदवीला जीवशास्त्र मन लावून शिकले आहे आणि ज्यांना केवळ विसरलेली नावे परत गोळा करायची आहेत, त्यांनी दातांचे कार्ड दुरुस्त करून जरूर घ्यावा. माझ्यासारख्या नवख्यांनी पहिले तीन महिने त्याच्या वाटेला जाऊ नये.

एक किरकोळ नोंद राहिली. जे कार्ड वारंवार, आठ-आठ वेळा चुकते त्याच्यावर अँकी ‘लीच’, म्हणजे जळू, असा शिक्का मारते, कारण ते आपला वेळ शोषून घेते. माझ्या संचात असा शिक्का बसलेल्या पहिल्या कार्डावर प्रश्न होता की जळू कोणत्या प्राणिसंघात मोडते. मी आठही वेळा मृदुकाय असे उत्तर दिले होते. गेल्या आठवड्यात कागदावर गांडूळ आणि जळू शेजारी शेजारी काढून दोघांच्याही अंगावरची वलये मोजत बसले, तेव्हापासून ते कार्ड चुकलेले नाही.