वर्गात शिकवण्यापुरतं इंग्रजी: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मी चोपडा तालुक्यातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवते. दहावीपर्यंत मराठी माध्यम. पुढे पुस्तकं इंग्रजी आली, पण आमचे सर समजावून सांगायचे ते मराठीतूनच. त्यामुळे इंग्रजी वाचता आलं, परीक्षेत लिहिता आलं, पण सलग बोलायची वेळ आली ती थेट शिकवायला उभी राहिल्यावर.

गेल्या जूनमध्ये मी फोन टेबलावर ठेवून स्वतःचा एक तास रेकॉर्ड केला. विषय होता एकदल आणि द्विदल खोडाची अंतर्रचना: मक्यासारख्या एकदलाच्या खोडात पाणी-अन्न वाहणाऱ्या नळ्यांचे जुडगे (बंडल्स) विखुरलेले असतात, सूर्यफुलासारख्या द्विदलाच्या खोडात ते कड्यासारखे, रिंगमध्ये असतात. घरी येऊन ऐकलं. 48 मिनिटांत मी ‘मीन्स’ हा शब्द 37 वेळा म्हटला होता. ‘मीन्स झायलम’, ‘मीन्स दे आर स्कॅटर्ड’, ‘मीन्स व्हॉट हॅपन्स’. त्याच तासानंतर एक मुलगी टेबलाजवळ येऊन हळूच म्हणाली होती, “मॅडम, काहीच समजनं नही.” वर्गात सगळ्यात नीटनेटकी वही तिची. घरी अहिराणी, शाळा मराठी आणि इथे एकदम इंग्रजी. तिच्या त्या वाक्याने मला रात्रभर झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली. वेळ पहाटे सव्वापाच ते सव्वासहा, एसटी पकडायच्या आधी. साधन एक मोबाइल आणि रोजचा ठरलेला डेटा. गावात क्लास नाही, आणि जळगावला जाऊन क्लास लावणं तासिकेच्या मानधनात बसत नाही. म्हणून जे वापरलं ते एक अपवाद सोडला तर मोफतच.

पहिलं हाती लागलं ते मँचेस्टर विद्यापीठाचं ‘अकॅडेमिक फ्रेझबँक’. जॉन मॉर्ली यांनी तयार केलेला हा वाक्यरचनांचा साठा आहे. व्याख्या कशी द्यावी, कारण कसं सांगावं, तुलना कशी करावी, पूर्वीच्या संशोधनाचा उल्लेख कसा करावा, असे विभाग आहेत. विषय कुठलाही असो, वाक्याचा सांगाडा तिथून घ्यायचा आणि आपला मजकूर त्यात भरायचा. सांगाडा सगळ्यांच्याच वापरातला असल्यामुळे तो घेणं ही चोरी ठरत नाही.

मला यातला सगळ्यात मोलाचा वाटला तो सावध विधानांचा विभाग. त्यामागे कारण आहे. केळीवरच्या हरण्या रोगावर, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरसवर, मी एक छोटा निबंध लिहिला होता. हा विषाणू मावा किडीमार्फत पसरतो, त्यात वाद नाही. पण बांधावरच्या काकडीवर्गीय वेलींमुळे दोन शेतांत रोग वाढला, असं मी ‘धिस प्रूव्ह्ज’ लिहून ठोकून दिलं होतं. परीक्षकांनी निबंध परत पाठवला. दोन शेतं पाहून काही सिद्ध होत नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. मराठीत मी ‘रोग वाढला असावा’ असंच म्हटलं असतं. आपल्या क्रियापदातच ती सावधगिरी असते. इंग्रजीत तिच्यासाठी वेगळा शब्द ठेवावा लागतो: मे, सजेस्ट्स, अपिअर्स टू, इज लाइकली टू. हे मला पस्तिसाव्या वर्षी कळलं. एम.एस्सी.ला कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं!

लिहिण्यासाठी या फ्रेझबँकला मी पाचपैकी पाच गुण देईन. वर्गासाठी दोनच. पहिले दोन महिने मी तिथली वाक्यं पाठ करून वर्गात म्हणत होते आणि मुलं आणखीच गप्प होत होती. ती वाक्यं डोळ्यांनी वाचायची आहेत. कानाने एवढं लांब वाक्य धरून ठेवता येत नाही, परक्या भाषेत तर नाहीच. ही माझी चूक दोन महिने चालली. शिक्षक वाचक असतील त्यांनी ती करू नये, म्हणून मुद्दाम सांगते.

खरा फरक पडला तो ‘मायकेस’मुळे. मिशिगन विद्यापीठात प्रत्यक्ष झालेली व्याख्यानं, चर्चा, प्रयोगशाळेतलं बोलणं यांची ही लिखित नोंद आहे. 152 प्रसंग, सुमारे 18 लाख शब्द, शोधायला मोफत. दिसायला अगदी जुनाट, मोबाइलवर तर अक्षरं बारीक होतात. पण एखादा शब्द टाकला की तो कुणी, कुठल्या प्रसंगात, कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर वापरला ते समोर येतं.

मी तिथे शोधलं ते माझं दुखणं, ‘मीन्स’. आणि मग लक्षात आलं की माझा ‘मीन्स’ इंग्रजी नव्हताच. तो आपला ‘म्हणजे’ होता. मराठीत ‘म्हणजे’ कितीतरी कामं करतो: व्याख्या सांगतो, सोपं करून सांगतो, आधीचं वाक्य दुरुस्त करतो, विचार करायला क्षणभर वेळ देतो. मी या सगळ्या कामांना एकच इंग्रजी शब्द जुंपला होता. मायकेसमधले प्राध्यापक सोपं करून सांगताना ‘इन अदर वर्ड्स’ म्हणतात, दुरुस्ती करताना ‘आय मीन’, निष्कर्षाकडे वळताना ‘सो’, नवा मुद्दा उघडताना ‘ओके’ किंवा ‘नाऊ’. आपण ‘तर’, ‘आता बघा’, ‘बरं का’ म्हणतो, तसंच हे. त्यांची वाक्यं अर्धवट तुटतात, पुन्हा सुरू होतात. मी इतकी वर्षं समजत होते की इंग्रजीतून शिकवणारे पुस्तकासारखं बोलतात. तसं नाही, हे अठरा लाख शब्दांच्या पुराव्यानिशी दिसल्यावर माझ्या छातीवरचा दगड उतरला.

मी एका वहीत ‘म्हणजे’ची कामं डाव्या बाजूला आणि त्या-त्या कामाचा इंग्रजी शब्द उजव्या बाजूला लिहून काढला. दीड पान झालं. रोज तासाला जाताना एसटीत तेवढंच वाचायचे.

शब्दसंग्रहासाठी ‘अकॅडेमिक वर्ड लिस्ट’ वापरली. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेली ही यादी 570 शब्दकुळांची (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कूळ) आहे, वारंवारितेनुसार दहा उपयाद्यांत विभागलेली. यात ‘स्टोमाटा’ किंवा ‘फ्लोएम’ शोधू नका, मिळणार नाही. सगळ्या विद्याशाखांत सारखे लागणारे ‘डिराइव्ह’, ‘फंक्शन’, ‘व्हेअरॅज’ असे शब्द आहेत. गंमत अशी की माझी मुलं अडायची ती इथेच. ‘फ्लोएम’ त्यांना पाठ असतं, मधला ‘व्हेअरॅज’ (आपला ‘तर याउलट’) त्यांना कळत नाही, आणि एकदल-द्विदलातला अख्खा फरक त्या एका शब्दावर टांगलेला असतो. मी पहिल्या तीन उपयाद्या पूर्ण केल्या, पुढच्या नुसत्या चाळल्या. तेवढ्या पुरतात असं माझं मत आहे.

उच्चारासाठी ‘यूग्लिश’. शब्द टाकला की यूट्यूबवरच्या ज्या व्हिडिओत तो बोलला गेलाय नेमक्या त्या क्षणापासून ऐकू येतो. यातून मला जोराचं गणित उमगलं. मराठीत शब्दाच्या कुठल्या अवयवावर जोर दिला यावरून अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान तिकडे जातच नाही. ‘ॲनलाइज’मध्ये जोर पहिल्या अवयवावर, ‘अनॅलिसिस’मध्ये दुसऱ्यावर, ‘ॲनलिटिकल’मध्ये तिसऱ्यावर. ‘फोटोसिंथेसिस’चा जोर ‘सिन’वर, ‘फोटोसिंथेटिक’चा ‘थे’वर. मी दहा वर्षं दोन्ही शब्द सपाट म्हणत आले. डेटा मात्र फार खातं. महिनाअखेरीस बंद ठेवावं लागायचं.

‘स्केल’ नावाचं एक साधन आहे, स्केच इंजिनवाल्यांचं, शिकणाऱ्यांसाठी मोफत. शब्द टाकला की चाळीसपर्यंत उदाहरणवाक्यं देतं. ‘द स्टेम इज हॅविंग स्कॅटर्ड बंडल्स’ ही माझी सवय तिथे मोडली. रचनेबद्दल, गुणधर्माबद्दल बोलताना नुसतं ‘हॅज’. ‘इज हॅविंग’ येतं ते अडचण येणं, मेजवानी चालू असणं अशा ठिकाणी. नियम शाळेत शिकले होते, पण वाक्यांची रांग डोळ्यांसमोरून गेल्याशिवाय तो अंगात मुरला नाही.

पैसे भरून घेतलं ते एक व्याकरण तपासणारं ॲप. नाव घेत नाही. वर्षाचं सदस्यत्व घेतलं आणि चार महिन्यांत उघडायचं बंद केलं. ‘सेक्शन्स वेअर स्टेन्ड विथ सॅफ्रनिन’ हे वाक्य ते दर वेळी कर्तरी करायला सांगायचं. प्रयोगपद्धती लिहिताना कुणी रंगवलं याला महत्त्व नसतं, काय रंगवलं याला असतं. ज्याला स्वतःचा विषय माहीत आहे त्याने अशा सूचना डोळे मिटून स्वीकारू नयेत. परड्यू विद्यापीठाची ‘आउल’ ही लेखन-मदत मोफत आहे आणि संदर्भ द्यायच्या पद्धती तिथे नीट दिल्यात. माझं तेवढ्यावर भागलं.

एनपीटीईएलची, म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांची ऑनलाइन मोफत, व्याख्यानं मी इंग्रजी ऐकण्यासाठी लावली, विषय शिकण्यासाठी नव्हे. आयआयटीतल्या प्राध्यापकांचं इंग्रजी आपल्या कानाला जवळचं आहे. अमेरिकन बोलणं ऐकून जी धास्ती बसते ती इथे बसत नाही. दहा मिनिटं ऐकायचं, थांबवायचं, तेच आपल्या शब्दांत मोठ्याने सांगायचं. घरातली माणसं पहाटे माझं एकटीचं बोलणं ऐकून आधी दचकायची. आता सासूबाई त्याच वेळी चहा आणून ठेवतात.

एक गोष्ट यातल्या कुठल्याही साधनात मला सापडली नाही. समोरची मुलं तिसऱ्याच भाषेत विचार करत असताना इंग्रजी कुठे थांबवायचं, हे ही साधनं सांगत नाहीत. साउदम्प्टन विद्यापीठाचा फ्यूचरलर्न या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरचा अभ्यासक्रम इंग्रजीतून शिकवणाऱ्या प्राध्यापकांसाठीच आहे. त्यात या प्रश्नाची चर्चा आहे, आणि जगभरचे शिक्षक याच अडचणीत आहेत हे वाचून धीर आला. पण मोफत प्रवेशाला मुदत असते, आणि माझा शेवटचा भाग राहिला.

शेवटी माझी मीच पद्धत बसवली. व्याख्या इंग्रजीत, छोट्या वाक्यात, दोनदा. कारण मराठीत. मग एका विद्यार्थ्याने तेच आपल्या बोलीत सांगायचं, अहिराणी असो की पावरी. मग दुसऱ्याने इंग्रजीत. पाठ्यक्रम थोडा मागे पडतो. मला ते चालतं.

मार्चमध्ये पुन्हा फोन ठेवून तास रेकॉर्ड केला, विषय तोच. ‘मीन्स’ 9 वेळा. माझ्या बोलण्यात आता थांबे आहेत, आणि त्या थांब्यांत मुलांचे आवाज ऐकू येतात. त्या मुलीचाही आहे. 31व्या मिनिटाला ती म्हणते, “मॅडम, मका हॅज स्कॅटर्ड बंडल्स, व्हेअरॅज सनफ्लॉवर...” आणि अडते. मागून कुणीतरी ‘रिंग’ म्हणतं. ती ते ऐकते, पण वाक्य पुन्हा सुरुवातीपासून स्वतःच म्हणून पुरं करते.