पैठणीच्या मागाचा अभ्यास: मुलाखत की मागाजवळ बैठक?

पैठणला विणकरांचा अभ्यास करायला येणारे बरेच जण प्रश्नावली घेऊनच येतात. मुलाखत उरकते लवकर: पाऊण तास, आठ-दहा प्रश्न. मजुरी, रेशमाची खरेदी, व्यापाऱ्याची उचल, काम कुणाकडून शिकले, एवढं त्यातून नीट कळतं. पण 'साडीला किती दिवस लागतात?' विचारलं की गिऱ्हाइकाला द्यायचं तयार उत्तर मिळतं. त्यापेक्षा 'काल किती बोटं विणलं?' विचारा.

मागाजवळ बसलं की हातांचं काम दिसतं. पदरावरच्या नक्षीत प्रत्येक रंगाची तिल्ली (धागा गुंडाळलेली छोटी कांडी) वेगळी. शेजारचे दोन रंग सीमेवर एकमेकांत अडकवतात, म्हणून मोर उलट बाजूनेही तसाच दिसतो. (हिमरू या दुसऱ्या प्रकारच्या विणकामात तसं नाही, तिथे मागे सुटे धागे तरंगतात.) दर दहा मिनिटांनी लिहा: हात कुठे अडला, तुटलेला धागा कोणी सांधला, कांड्या कोणी भरल्या, म्हणजे त्यांवर धागा कोणी गुंडाळला. घरातल्या बायका कांड्या भरत असल्या तरी मुलाखतीत 'कामगार किती?' याच्या उत्तरात त्या बहुतेकदा येतच नाहीत.

बैठकीची खोट अशी, की पहिल्या दिवशी विणकर तुम्हाला दाखवण्यासाठी विणतो. कॅमेरा दुसऱ्या दिवशी, विचारूनच काढा, आणि उजेड अडणार नाही अशा बाजूला बसा.

हाताशी एकच दिवस असेल, तर मुलाखत आधी नकोच. सकाळी बघा, जेवणाच्या सुट्टीत विचारा: 'मघाशी ही ओळ उसवली ती का?'