पहिली स्वतःची क्यू: ॲशची स्नूकर क्यू घ्यावी की मेपलची पूल क्यू?

पार्लरच्या स्टँडवरच्या क्यूवर (खेळायच्या काठीवर) भागवणं पुरे झालं, आता स्वतःची घ्यायची, असं ठरलं की आपल्याकडच्या पूल खेळणाऱ्यापुढे पहिला प्रश्न ब्रँडचा नसतो. तो असतो लाकडाचा आणि टोकाच्या जाडीचा. एकीकडे ॲश लाकडाची, पितळी फेरूलची (टोकावरची नळी), साडेनऊ-दहा मिलिमीटर टिपची (बॉलला लागणारी चामड्याची चकती) थ्री-क्वार्टर, म्हणजे टोकापासून पाऊण लांबीवर जोड असलेली, स्नूकर क्यू. दुसरीकडे मेपलची, मधोमध जोड असलेली, पावणेतेरा ते तेरा मिलिमीटरची पूल क्यू. एकाच पार्लरमध्ये बारा फुटी स्नूकर टेबल आणि आठ-नऊ फुटी पूल टेबल शेजारी-शेजारी असतात आणि शिकवणाऱ्या मार्करचा (टेबल सांभाळणाऱ्या, गुण मोजणाऱ्या माणसाचा) हात बहुधा स्नूकरवर घडलेला असतो, म्हणून हा पेच. स्नूकर जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये १८७५ साली सुरू झालं. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली बिलियर्ड्सचं जागतिक हौशी विजेतेपद मिळवलं. चांगली क्यू म्हणजे बारीक टोकाची, ही आपल्या क्लबांची समजूत त्या परंपरेतून आली आहे आणि ती काही चुकीची नाही.

पूलच्या टेबलावर मी दोन्ही वापरल्या आहेत आणि शेवटी मेपल ठेवली. पण ॲशच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे, ते आधी सांगतो.

ॲशच्या शाफ्टवर, म्हणजे क्यूच्या पुढच्या भागावर, लाकडाच्या रेषांचे बाण दिसतात. टोकाकडच्या फूटभरात हे बाण वरच्या बाजूला नीट मधोमध आले असतील तर रोख धरताना डोळ्याला मोठा आधार मिळतो. बटच्या (हातात धरायच्या जाड भागाच्या) मागे एका बाजूला सपाट तासलेला भाग असतो, त्यामुळे क्यू दर वेळी तळहातात त्याच कुशीवर बसते. टोक बारीक असल्यामुळे क्यू बॉलवर (क्यूने मारायच्या पांढऱ्या बॉलवर) आपण नेमकं कुठे मारतोय ते उघड दिसतं. तेरा मिलिमीटरच्या टोकाखाली तेवढं दिसत नाही.

आणखी एक गोष्ट, जी पूलवाले सहसा कबूल करत नाहीत. साइड लावली, म्हणजे बॉलच्या मधोमध न मारता डावी-उजवीकडे मारलं, की क्यू बॉल क्यूच्या रोखाने न जाता किंचित उलट बाजूला सरकतो. हे सरकणं मुख्यतः शाफ्टच्या टोकाकडच्या सहा-सात इंचांच्या वजनावर ठरतं. ॲशचं टोक बारीक असल्यामुळे, पितळेचं वजन धरूनसुद्धा, साध्या अखंड मेपलच्या तेरा मिलिमीटर शाफ्टपेक्षा माझ्या हाताला ते कमी सरकवतं. लांबच्या पॉटवर (बॉल खिशात घालण्याच्या फटक्यावर) साइड लावायची असेल तर हा फरक जाणवतो. मेपलवर रोख थोडा जास्त सुधारून घ्यावा लागतो आणि त्याची सवय व्हायला काही आठवडे जातात.

आता आकाराचं. स्नूकर क्यू टोकापासून बुडाकडे सलग जाड होत जाते. पूलचा शाफ्ट टोकापासून दहा ते चौदा इंच जवळजवळ एकाच जाडीचा राहतो, मग फुगतो. हात सपाट ठेवून अंगठ्याच्या खाचेतून खेळणाऱ्याला दोन्ही चालतात. पण जोरात बॅक खेचण्यासाठी (क्यू बॉल मागे आणण्यासाठी) किंवा कुशनवर, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेवर, हात टेकून मारताना तर्जनीची कडी करत असाल, तर ॲशची क्यू पुढे जाताना त्या कडीत घट्ट होत जाते. कडी सैल ठेवली तर सुरुवातीला क्यू डगमगते, आवळली तर शेवटी अडकते. मेपलच्या सरळ शाफ्टवर हे होत नाही. आपल्याकडे कडी करणारे कमी, त्यामुळे प्रत्येकासाठी हा मुद्दा निर्णायक नसेल.

माझ्यासाठी निर्णायक ठरली ती टिप.

पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटरचा, वजनाने १५६ ते १७० ग्रॅम. स्नूकरचा ५२.५ मिलिमीटरचा आणि बराच हलका. दहा मिलिमीटरची मऊ टिप त्या हलक्या बॉलसाठी आहे. ती पूलच्या बॉलवर रोज आपटली की काय होतं, ते समजून घ्या. टिप आणि बॉल साधारण एक हजारांश सेकंद एकमेकांना टेकतात आणि तेही टिपच्या मधल्या काही मिलिमीटरांतच. त्या दाबाने मधलं चामडं बाहेर ढकललं जातं. त्याला अडवायला भोवती किती चामडं उरलंय, हा खरा प्रश्न. दहा मिलिमीटरच्या टिपचं क्षेत्रफळ ७८ चौरस मिलिमीटरच्या आसपास, तेरा मिलिमीटरचं १३३च्या. म्हणजे बारीक टिपला बाजूचा आधारच तोकडा. मग ती अळंबीसारखी पसरते आणि पितळी फेरूलच्या बाहेर तिची कड लोंबायला लागते. त्या कडेवर साइडचा फटका बसला की क्यू घसरते. आपल्याला वाटतं टिपला लावलेला चॉक कमी पडला. खरं कारण कडेखालची पोकळी असते.

नवी टिप पहिल्या आठवड्यात सर्वात जास्त पसरते. पूलवर खेळताना मला ॲशच्या टिपची कड त्या काळात जवळपास प्रत्येक बैठकीनंतर कापावी लागते. मेपलच्या मध्यम कडकपणाच्या टिपला पहिल्या पंधरवड्यात दोनदा हात लावला की पुढे बराच काळ बघावं लागत नाही. यात मोजमाप काही नाही, हातचा अंदाज आहे, आणि तुमचा फटका हलका असेल तर हे अंतर कमीही होईल. पण ब्रेक, म्हणजे रचलेले बॉल फोडणारा पहिला फटका, तुम्हीच मारणार असाल तर कमी होणार नाही. ब्रेकच्या धक्क्याने बारीक टिपचा गोंदाचा जोड सुटतो आणि ती उडते. ती उडाली नाही तर तडाखा पितळी नळीवर जातो. नळी सैल झाली की प्रत्येक फटक्याला बारीक टकटक ऐकू येते. त्यानंतर फेरूललगत ॲशच्या रेषेतून केसाएवढी चीर निघण्याची भीती असते. तशी चीर गेलेला शाफ्ट टोकाकडून कापून आखूड करावा लागतो.

टिप बदलणं हे दोन्हीकडे आलंच, पण मेपलवर त्यात चुकायला वाव कमी आहे. जुनी टिप ब्लेडने फेरूलच्या थोडी वर कापा आणि उरलेला चामड्याचा थर खरवडून काढा. १८० किंवा २४० नंबरचा पॉलिशपेपर काचेवर किंवा फरशीवर सपाट ठेवा आणि फेरूलचं तोंड त्यावर काटकोनात, अगदी हलक्या हाताने, गोल फिरवा. तोंडावर जुना गोंद राहिला किंवा ते मध्ये उंच झालं तर नवी टिप कडेने पोकळ बसते आणि काही दिवसांत किरकिरते. नव्या टिपची मागची बाजूही त्याच कागदावर घासून खरखरीत करा. जेल प्रकारच्या सुपरग्लूचा मधोमध एक थेंब पुरतो. जास्त झाला तर तो चामड्यात मुरून टिप दगडासारखी होते. टिप नीट मधोमध बसवून क्यू उलटी धरा आणि सपाट पृष्ठभागावर मिनिटभर दाबा. नंतर तासभर तरी खेळू नका. कड कापायची तर टिप लाकडी फळीवर उलटी टेकवून ब्लेड वरून खाली चालवा. फेरूलवर चिकटपट्टी गुंडाळून कड आधी ४०० आणि मग ६०० नंबरच्या कागदाने घासा. शेवटी कडेला ओला बोट फिरवून जाड कागदाने जोरात रगडा, म्हणजे कड चकाकते, घट्ट होते आणि कमी पसरते. माथ्याची गोलाई नव्या लहान रुपयाच्या नाण्याच्या कडेशी ताडून पाहिली तरी चालेल.

फरक पडतो तो इथे. स्नूकर क्यूचं पितळ म्हणजे उघडी नळी, तिच्या मधोमध ॲशचं लाकूड दिसतं. पॉलिशपेपरवर पितळ हळू घासतं आणि लाकूड भराभर, म्हणून मध्ये खळगा पडतो. गुळगुळीत पितळेवर गोंद धरत नाही. त्यात हाताचं तेल लागलं असेल तर मुळीच नाही. घाईत टिप बसवणारा टिपची कड घासताना पितळ आणि त्याखालचं लाकूडही सोबत घासतो. असं पाच-सहा वेळा झालं की दहाचं टोक साडेनऊचं झालेलं असतं. पूल क्यूचं फेरूल फायबरचं किंवा प्लास्टिकचं असतं आणि पुष्कळ वेळा वरून बंद असतं. अशा फेरूलचं तोंड एकाच पदार्थाचं, रुंद आणि सपाट मिळतं. पहिल्यांदा स्वतःच्या हाताने टिप बसवणाऱ्यालाही ते जमतं.

पावसाळ्याचं सांगायचं तर मुंबई-कोकणात दोन्ही लाकडं त्रास देतात. ॲशचे रंध्र उघडे असतात, त्यात घाम आणि चॉक बसून शाफ्ट काळा-हिरवा पडतो. तो ओल्या नव्हे, फक्त दमट कापडाने पुसायचा आणि लगेच कोरडा करायचा. वर्षातून दोन-तीनदा जवसाचं कच्चं तेल चार-पाच थेंब कापडावर घेऊन चोळायचं, जादा पुसून टाकायचं आणि एक दिवस क्यू वापरायची नाही. मेपलला तेलाची गरज नसते. कोऱ्या कागदाची घडी करून ती शाफ्टवर गरम होईपर्यंत वर-खाली चोळली की चिकटपणा जातो. पॉलिशपेपर मात्र रोजच्या सफाईला वापरू नका, शाफ्ट बारीक होतो. टाल्कम पावडर दोन्हींना वाईट, घामात तिचा लगदा होतो. फार घाम येत असेल तर हातमोजा घ्या. मेपलवर लहानसा खड्डा पडलाच तर त्यावर ओल्या कापडाचं टोक ठेवून कोमट इस्त्री क्षणभर टेकवा, दबलेलं लाकूड फुगून बहुतेक वेळा वर येतं.

वाहून न्यायचाही प्रश्न आहे. थ्री-क्वार्टर क्यूचा पुढचा तुकडा ४२ इंचांच्या आसपास, म्हणून केस सहज ४४-४५ इंचांची होते. स्कूटरवर ती पाठीला आडवी येते आणि संध्याकाळच्या लोकलमध्ये चढताना तिचीच काळजी. मग माणूस ती पार्लरच्या लॉकरमध्ये तिरकी टेकवून ठेवतो आणि दमट हवेत महिना-दोन महिन्यांत वाकवून घेतो. पूल क्यूचे दोन तुकडे २९ इंचांचे, केस ३३-३४ इंचांची. ती पाठीवर राहते आणि क्यू रोज घरी येते.

विकत घेताना टेबलावर लोळवून वाक बघण्यावर पूर्ण विसंबू नका. मधल्या जोडाच्या क्यूला जोडापाशी जराशी उंची असली तरी ती लोळताना उडते आणि शाफ्ट सरळ असूनही आपल्याला शंका येते. बट डोळ्याशी धरा, टोकाकडे एका डोळ्याने पाहत क्यू हळूहळू पूर्ण फिरवा. मग शाफ्ट वेगळा काढून तसाच पाहा. वाक शाफ्टमध्ये नसून जोडात असेल तर ती क्यू नकोच, जोडाचं तोंड घरी दुरुस्त होत नाही. हाताने आवळल्यावर जोडात कागदही जाता कामा नये. रबरी बुड जमिनीवर हलकेच आपटा. आत भणभण ऐकू आली तर पिन (जोडाचा स्क्रू) किंवा वजनाचा बोल्ट सैल आहे. तो कधी आवळता येतो, कधी नाही. मेपलच्या रेषा टोकापर्यंत सरळ धावतात ना, हेही पाहा. मध्येच शाफ्टच्या बाहेर निघून जाणाऱ्या रेषेपाशी तो पुढे वाकतो.

कार्बन फायबरबद्दल विचाराल तर तो शाफ्ट वाकत नाही, त्यावर खड्डे पडत नाहीत आणि साइड लावल्यावर बॉल कमी सरकतो, हे खरं. पण पहिल्या क्यूला त्याची किंमत जड जाते आणि हात अजून घडायचा असताना त्याचा फायदा पूर्ण कळतही नाही. बट चांगली आणि नेहमीच्या पिनची घेतलीत तर पुढे फक्त शाफ्ट बदलता येतो. पिनचा प्रकार म्हणूनच आधी विचारून घ्यावा. ३/८-१० किंवा रेडियल पिनवर बसणारे शाफ्ट पुष्कळ कंपन्यांचे मिळतात. खास एखाद्याच कंपनीच्या जलद जोडावर निवड आखडते.

तुम्ही चारपैकी तीन दिवस स्नूकरच्या टेबलावर असाल आणि पूल फक्त मित्र आले की खेळत असाल, तर ॲशच घ्या, मेपलची जाड टिप स्नूकरच्या बॉलवर भोंगळ वाटते. प्रमाण उलटं असेल तर मला वाटतं मेपल बरी, आणि निम्मं-निम्मं असेल तरीही माझा कल मेपलकडेच राहील. मागताना १९ औंस वजन, १२.७५ मिलिमीटरचं टोक, मध्यम टिप आणि घाम टिपणारी लिननची पकड सांगा. २१ औंसची जड क्यू दुकानात दमदार वाटते, पण हलक्या फटक्यावर तिचा ताबा राहत नाही. ब्रेक मात्र नव्या क्यूने मारू नका, ती मेपलची असली तरी. त्यासाठी स्टँडवरची, कडक टिपची, त्यातल्या त्यात सरळ क्यू हेरून ठेवा.