कॅसिओ एफएक्स-991 ईएस प्लस: फॅक्टच्या कंसाला फसू नका

हा अख्ख्या कॅल्क्युलेटरचा नाही, त्यातल्या फॅक्ट या एकाच, संख्येचे मूळ अवयव पाडून देणाऱ्या सोयीचा रिव्ह्यू आहे. ठाण्यात गोखले रोडवर स्टेशनरीच्या दुकानात हे मॉडेल बघायला घेतलंत, तर काउंटरवरच 2³²+1 टाइप करा. बरोबरचं बटण दाबलं की 4294967297 येईल. आता शिफ्ट, मग अंश-मिनिट-सेकंदाचं बटण. (आधी बरोबर दाबून उत्तर आणायचं, मगच फॅक्ट. घाई करणारे इथेच अडकतात.) पडद्यावर दिसतं: 641×(6700417).

गणितज्ञ फर्माला ही संख्या मूळ वाटत होती; 641 हा अवयव ऑयलर या गणितज्ञाने 1732 मध्ये काढला. यंत्राला तो लगेच सापडतो, पण 6700417 कंसात का?

कारण यंत्र फक्त तीन अंकांपर्यंतच्या, म्हणजे 2 ते 997 या मूळ संख्यांनी भागून बघतं. 997 नंतरची मूळ संख्या 1009, तिचा वर्ग 1018081. उरलेला भाग याहून लहान असला तर तो मूळच, म्हणून 1000003 बिनकंसाचा येतो आणि त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा. 1018081 पासून पुढचं काही उरलं की कंस. त्याचा अर्थ एवढाच की यंत्राला पुढचं ठाऊक नाही. 1022117 कंसात येतो, आणि तो 1009×1013 आहे. 1000000007 पण कंसातच, आणि तो मात्र मूळ आहे. सराव वहीत कंस पाहून ‘मूळ’ लिहिलं की गुण गेले.

आरएसएची (दोन मूळ संख्यांच्या गुणाकारावर चालणाऱ्या सांकेतिक लिपीची) छोटी गणितं करणाऱ्यांना 3233 टाकल्यावर 53×61 झटक्यात मिळतं. दोन्ही मूळ संख्या चार अंकी घेतल्या की फॅक्टचा उपयोग संपला. दहापेक्षा जास्त अंकांची संख्या तर चालतच नाही.

कंस हाताने फोडायचा तर उरलेल्या संख्येचं वर्गमूळ काढा आणि 1009 पासून तिथपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागा. 6700417 चं वर्गमूळ साधारण 2588. पण 2³²+1 चा प्रत्येक मूळ अवयव 128k+1 याच रूपाचा असतो, आणि 1009 ते 2588 मध्ये तशा मूळ संख्या दोनच: 1153 आणि 1409. बाकी अनुक्रमे 334 आणि 622 उरते. दोन भागाकारांत सिद्ध झालं, 6700417 मूळ!

1000000007 ला असं काही रूप मदतीला येत नाही. 31622 पर्यंत जायचं, म्हणजे आणखी 3233 भागाकार (योगायोग बघा, वरचाच आकडा). तिथे सरळ लॅपटॉप उघडावा.

कॅसिओच्या नव्या एफएक्स-991 सीडब्ल्यू मॉडेलमध्ये हीच सोय फॉरमॅटच्या यादीत प्राइम फॅक्टर या नावाने आहे. अवयव रोज पाडायचे असतील तर ईएस प्लसचं शिफ्ट जास्त सुटसुटीत.