बद्धकोष्ठतेसाठी ऑपरेशन सुचवलंय? आधी स्नायू आवळतो की रचना बिघडलीय, ते बघा

इसबगोल झालं, एरंडेल झालं, पावडरी झाल्या, तरी अर्धा-अर्धा तास कुंथावं लागतं आणि उठल्यावरही पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही. मग कुणीतरी ऑपरेशनचं नाव काढतं. या टप्प्यावर पर्याय बरेच दिसतात, पण ते सगळे एकाच दुखण्यावरचे नाहीत.

ओटीपोटाच्या तळाशी प्युबोरेक्टॅलिस नावाचा स्नायू गुदाशयाला मागून गोफणीसारखा पुढे ओढून धरतो. त्यामुळे तिथे बाक पडतो. शौचाच्या वेळी स्नायू सैल पडला की बाक सरळ होतो. काहींचा मात्र नेमका तेव्हाच आवळतो. १९८५ मध्ये लंडनच्या दोन डॉक्टरांनी याला 'अ‍ॅनिस्मस' म्हटलं. आता 'डिसिनर्जिया' हा शब्द जास्त ऐकू येतो. हा बिघाड सवयीचा आहे, आणि सवय सुरीने सुटत नाही. हा स्नायू अर्धवट कापण्याचे प्रयोग पूर्वी झाले. फायदा थोड्यांनाच झाला, आणि काहींचा मलावरचा ताबा गेला. आज कुणी हे पहिला उपाय म्हणून सांगत असेल तर दुसरं मत घ्याच.

इथे बायोफीडबॅक सरस. गुदद्वारात बारीक नळी ठेवून स्नायूचा दाब पडद्यावर दाखवतात आणि जोर कसा लावायचा, काय सैल सोडायचं, ते शिकवतात. साधारण चार ते सहा बैठका लागतात आणि दहापैकी सातेक जणांना फरक पडतो. अडचण एकच, पण मोठी: आपल्याकडे हे मोजक्याच ठिकाणी मिळतं. स्टेपलरने गुदाशयाचा भाग कापणारा सर्जन त्यामानाने लवकर सापडतो. स्नायू सैल पाडणारं बोटॉक्सचं इंजेक्शन त्यात टोचणं हा मधला मार्ग, पण त्याचा असर तीनेक महिन्यांत ओसरतो.

रचनेतला दोष ही वेगळी गोष्ट. गुदाशयाची भिंत योनीकडे फुगली असेल (रेक्टोसील) किंवा आतडं आतल्या आत घसरत असेल, तर ऑपरेशनला अर्थ आहे. तरी एक लक्षात ठेवा: बाळंतपणं झालेल्या कितीतरी बायकांना रेक्टोसील असतं आणि कसलाच त्रास नसतो. रिपोर्टात शब्द छापून आला म्हणून टेबलावर जायचं नाही. शौचाला योनीत बोटाने दाब द्यावा लागतो का, हा प्रश्न लाजेमुळे राहून जातो. त्याचं उत्तर मात्र फार कामाचं असतं.

अशा वेळी निवड मुख्यतः दोन ऑपरेशनांत. 'स्टार'मध्ये गुदद्वारातून स्टेपलर घालून गुदाशयाचा जादा भाग कापतात. पोटावर छेद नाही, घरी लवकर जाता येतं. पण नंतर काहींना एकदम घाई लागते, थांबवता येत नाही. दुखणं, रक्तस्रावही होतो आणि काही वर्षांत मूळ तक्रार परतू शकते. ताबा आधीच कमकुवत असेल तर मी याच्या वाटेला जाणार नाही. 'व्हेंट्रल रेक्टोपेक्सी'त दुर्बिणीने पोटातून जाऊन गुदाशय जाळीच्या आधारे वर बांधतात. फक्त पुढच्या बाजूने काम होत असल्याने मागच्या नसा वाचतात. जुन्या पद्धतीत नेमक्या त्या दुखावून नवीच बद्धकोष्ठता मागे लागायची. इथे धोका जाळीचा: शंभरात दोनेक जणींमध्ये ती झिजून बाहेर डोकावते, आणि ती काढणं सोपं नसतं. आतडं खरोखर घसरत असेल तर माझं मत तरी याच बाजूचं.

दोन्ही दोष एकत्र असतील तर आधी बायोफीडबॅक, मग पुन्हा तपासणी. स्नायू आवळतच राहिला तर उत्तम ऑपरेशनही वाया जातं.

म्हणून तारीख घेण्याआधी फाइल उघडून बघा. मॅनोमेट्री (गुदद्वाराच्या स्नायूंचा दाब मोजणं), फुग्याची चाचणी (५० मिली पाण्याचा फुगा मिनिटभरात बाहेर टाकता येतो का) आणि डेफेकोग्राफी (शौच करतानाचा एक्स-रे किंवा एमआरआय) हे तिन्ही रिपोर्ट हवेत. शौचातून रक्त जात असेल किंवा वजन घटत असेल तर त्याही आधी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी.