नाटक लिहायला बसताना आधी विषय की आधी भांडण?

नाट्यस्पर्धेचे दिवस जवळ आले की आमच्या ग्रुपमधल्या नव्याने लिहिणाऱ्या पोरापोरींचा एकच प्रश्न असतो, यंदा विषय काय घेऊ? मी दोन्ही पद्धतीने लिहून बघितलंय, म्हणजे आधी विषय ठरवून त्यात माणसं बसवायची असंही आणि आधी दोन माणसांचं भांडण लावून द्यायचं, विषय मागून येईल तेव्हा येईल, असंही. नाटकात संघर्ष लागतो वगैरे सगळ्यांना माहितीय, ते परत सांगत बसत नाही. सुरुवात कुठून करायची एवढंच बोलतो.

विषयाची बाजू आधी, कारण ती बाजू अगदीच लंगडी नाहीय. विषय हातात असला की काय वाचायचं, कुणाला भेटायचं हे कळतं, लिहिताना भरकटायला होत नाही आणि मंडळाच्या मीटिंगमध्ये एका वाक्यात नाटक सांगता येतं. ही शेवटची गोष्ट लहान वाटते पण नाही, कारण पैसे घालणारा माणूस एक वाक्यच ऐकतो. पथनाट्य असेल, कॉलेजचं जनजागृतीचं काही असेल किंवा मुलांचं नाटक असेल तर मीसुद्धा विषयापासूनच सुरू करेन. आणि मराठीत याला थोर परंपरा आहे. देवलांचं १८९९ चं 'शारदा' बघा की, म्हाताऱ्याशी कोवळ्या पोरीचं लग्न लावायच्या चालीवर नाटक लिहायचं हे पक्कं ठरवूनच लिहिल्यासारखं आहे ते. पण त्यात भुजंगनाथाला बायको पाहिजे, कांचनभटाला पैसा पाहिजे आणि शारदेला यातलं काहीच नकोय. ही तिघांची ओढाताण नसती तर एवढ्या वर्षांनी आपण त्या नाटकाचं नाव घेतलं असतं का, मला शंका आहे.

आता माझी अडचण सांगतो. अडचण आहे चहाची.

विषयावरून लिहिलेल्या संहितेचं वाचन झकास होतं. सगळे माना डोलावतात, कुणाच्या तरी डोळ्यात पाणी येतं, विषय जबरदस्त आहे म्हणतात. मग तालीम उभी राहते आणि तिसऱ्या पानावर नट थांबतो, 'एवढं सगळं बोलताना मी करू काय बे?' आणि त्याचं काही चुकत नसतं. त्या पात्राला समोरच्याकडून काही नकोच असतं, त्याला फक्त शेतकऱ्यांबद्दल किंवा म्हाताऱ्या आईबापांबद्दल किंवा मोबाईलच्या व्यसनाबद्दल आपलं मत सांगायचं असतं, ते पण मुळात लेखकाचं. मग दिग्दर्शक बिचारा काहीतरी हाताला देतो. आधी पेपर देतो, मग कपड्यांच्या घड्या घालायला लावतो आणि शेवटी चहा. एका नाटकात तर आमच्याकडे पहिल्या अंकात चहा, दुसऱ्या अंकात परत चहा, मध्ये पाहुणा आला म्हणून आणखी चहा, बॅकस्टेजची मुलगी म्हणाली मी नाटकात आहे की कँटीनमध्ये तेच कळेना. समोर परीक्षक बसलेत, नट रिकाम्या कपातून फुर्र करतोय आणि तोंडाने समाजव्यवस्था चालू आहे. हे एकदा दिसायला लागलं की मग कुठल्याही नाटकात दिसतं. चहा आला की मी समजून जातो, लेखकाकडे या माणसासाठी काम नाहीय.

आता भांडणाची बाजू बघा. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातलंच, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतलंच उदाहरण घेऊ. 'यंत्रमाग धंद्याची वाताहत' हा झाला विषय, चांगलाच आहे, सोलापुरात तर घराघरातला आहे, पण तो घेऊन बसलं की पहिलं पात्र म्हणतं पूर्वी सोलापूरच्या चादरीला काय मागणी होती आणि दुसरं म्हणतं हो ना. झालं, ठेवा चहाचं आधण. त्याऐवजी असं धरा की घरातच शेड आहे, दोन माग आहेत, थोरल्याने दोन्ही भंगारात द्यायचे ठरवून विसार घेतलाय आणि तो खर्चूनही टाकलाय, शनिवारी टेम्पो येणार. धाकट्याने कुणाला न सांगता टॉवेलची ऑर्डर घेतलीय, माल शनिवारीच द्यायचाय. वडील आत कॉटवर पडून, त्यांना दिसत कमी पण ऐकू चांगलं येतं, माग चालू आहे की बंद हे त्यांना खडखडाटावरून कळतं.

बघा, आता कुणाला हातांचं काय करू विचारावं लागत नाही. थोरला स्विचपाशी जातो, धाकटा आडवा येतो. माग स्टेजवर आणायचीही गरज नाही, विंगेतून आवाज पुरतो, आणि तो आवाज मध्येच बंद झाला की वडील काय विचारतात यावर अख्खा प्रवेश उभा राहतो. (घरात ही माणसं तेलुगू बोलणार, मग संवाद किती मराठी ठेवायचे हा वेगळाच घोळ आहे, त्यावर परत कधीतरी.) धंद्याच्या वाताहतीवर एक वाक्य न बोलता ती सगळी दिसते. एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त हेच तर आहे, जुनी घराणी कशी ढासळली असं भाषण कुणी ठोकत नाही, घरातले कर्ते तात्याजी गेलेत, तेराव्याचा खर्च कुणी आणि कशातून करायचा यावर घर कुरकुरत असतं आणि दारात ट्रॅक्टर गंजत पडलेला असतो.

या पद्धतीतही खोट आहे, नाही असं नाही. नुसतं भांडण घेऊन निघालात तर दुसऱ्या अंकापर्यंत त्याची टीव्ही सिरीयल होते, कुणीतरी चोरून ऐकतं, कुणाचं तरी जुनं पत्र सापडतं आणि शेवटी सगळे रडून गळ्यात पडतात. आणि पुष्कळदा भांडण फुसकं निघतं, एका फोनने मिटलं असतं असं. मी एक बघतो, दोघांपैकी एकजण चप्पल घालून निघून गेला तर नाटक संपतं का? संपत असेल तर त्याला का जाता येत नाही ते आधी शोधायला लागतं. आमच्या थोरल्याने विसार खर्चलाय म्हणून तो जाऊ शकत नाही, धाकट्याने शब्द दिलाय म्हणून तो. आणि तो विसार कशावर खर्चला हे शोधायला गेलं की बहुतेक वेळा विषय तिथेच सापडतो, आणि तो तुम्ही ठरवला असतात त्यापेक्षा बरा असतो. निदान माझा तरी अनुभव तसा आहे, तुमचा वेगळा असू शकेल.

इतिहासावर लिहिणाऱ्यांचं थोडं वेगळं. आपण सोलापुरात ज्या हुतात्मा स्मृती मंदिरात प्रयोग करतो ते ज्यांच्या नावाने आहे त्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर कुणाला लिहायचं असेल तर विषय आयताच आहे, १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ची येरवड्यातली फाशी. पण शेवट प्रेक्षकाला पाठ आहे आणि इंग्रज विरुद्ध आपण या सामन्यात टाळ्या कुठे पडणार तेही ठरलेलं. तिथे मी तरी भांडण घराच्या आत शोधेन, समजा एकाच घरातला एक भाऊ सरकारी नोकरीत आणि दुसरा मोर्चात, आणि आईला दोघांपैकी एकालाच आज रात्री घरात घेता येतं.

एकांकिका असेल तर मला विचाराल तर भांडणच, तेवढ्या वेळात विषय समजावत बसायला सवड नसते. दोन अंकी असेल आणि तुम्हाला विषय खरंच आतून छळत असेल तर तिथून सुरू करा, मी कोण नाही म्हणणारा, फक्त पहिला खर्डा झाला की त्यात चहा किती वेळा येतो ते पेन्सिलीने खुणा करून बघा. आणि जे काय ते लवकर ठरवा, प्रयोगाआधी नाटकाची संहिता सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे तपासायला पाठवायची असते, प्रमाणपत्र हातात यायला वेळ जातो आणि तोवर नटांना पाठांतराला पक्की प्रत लागते.