अनूपगढजवळच्या एका चकातील शेतमुक्काम : दोन रात्री आणि पाण्याची एक बारी

राजस्थानातील शेतमुक्काम म्हटले की जाहिरातीत उंट, वाळूच्या टेकड्या आणि शेकोटीभोवतीचे नाचगाणे ठरलेले असते. श्रीगंगानगर जिल्ह्यात अनूपगढजवळच्या एका चकात, म्हणजे कालव्याच्या पाण्यावर वसलेल्या गावात, जानेवारीच्या अखेरीस आम्ही जो मुक्काम केला त्याची जाहिरातही तशीच होती, आणि तिथे पोहोचल्यावर यांपैकी काहीही नव्हते. समोर होती मोहरीची पिवळी शेते, काटकोनात आखलेले रस्ते, शिसवीच्या झाडांची रांग आणि कालव्याचे पाणी. ही फसवणूक झाली असे मी म्हणणार नाही, कारण जे मिळाले ते जाहिरातीपेक्षा पुष्कळ मोलाचे होते. पण जाहिरात लिहिणाऱ्याला आपण काय विकतो आहोत हेच ठाऊक नव्हते, हे मात्र म्हणावे लागेल. यजमानांच्या घरात पाहुण्यांसाठी दोनच खोल्या आहेत आणि आपले नाव कुठे छापले जाऊ नये अशी त्यांची इच्छा असल्याने ते येथे दिलेले नाही. या पट्ट्यात असा मुक्काम शोधणाऱ्याला काय पाहावे आणि आधी काय विचारावे हे कळावे, एवढ्यासाठी हे लेखन आहे.

नांदेडकरांना हा प्रवास सोपा आहे. हुजूर साहिबच्या यात्रेकरूंमुळे नांदेड आणि श्रीगंगानगर या दोन टोकांना जोडणारी थेट रेल्वेगाडी आहे, आणि डब्यातल्या शीख आजीबाईंनी अनूपगढपर्यंत बस कोणती घ्यायची हे आम्हाला अकोला येण्याआधीच समजावून सांगितले होते. श्रीगंगानगरपासून पुढे सुमारे सव्वाशे किलोमीटरचा रस्ता आहे. अनूपगढ 2023 मध्ये जिल्हा झाले आणि 2024 च्या डिसेंबरात पुन्हा तालुक्याचे गाव झाले. दुकानांच्या पाट्यांवर अजून दोन्ही पत्ते दिसतात.

पत्त्याचा घोळ खरा सुरू होतो तो त्यानंतर. इथल्या गावांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. कालव्याच्या फाट्याचे आद्याक्षर आणि त्यावरील मोघ्याचा आकडा मिळून गावाचे नाव होते, आणि त्या मोघ्याखाली जितकी जमीन भिजते तितका तो चक. मोघा म्हणजे फाट्याच्या भिंतीत बसवलेले ठरावीक मापाचे तोंड, ज्यातून पाणी शेतचारीत उतरते. जवळच बिंजौरपाशी हडप्पा संस्कृतीचे जे स्थळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने खणले, तेही पुरातत्त्वाच्या नकाशावर ‘4 एमएसआर’ याच नावाने नोंदले गेले आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या वस्तीने विसाव्या शतकातल्या पाटबंधारे खात्याचा क्रमांक धारण करावा, याची मला तिथे उभे असताना गंमत वाटली. मुक्कामाच्या दरात या स्थळाची अर्ध्या दिवसाची सहल धरलेली आहे. जाणकार सोबत नसेल तर तिथे मातीच्या उंचवट्यापलीकडे काही दिसत नाही, आणि आमच्या सोबतचा वाटाड्या जाणकार नव्हता.

जमिनीचे मापही समजून घेण्यासारखे आहे. इथला बिघा 165 फूट लांब आणि तितकाच रुंद, म्हणजे आपल्या हिशेबाने नेमका 25 गुंठ्यांचा. असे 25 बिघे मिळून एक मुरब्बा होतो. एकरात सांगायचे तर साडेपंधराहून किंचित अधिक. पुनर्वसितांना जमीन मिळाली ती या चौकोनांच्या हिशेबात. गच्चीवर उभे राहिले की सगळा मुलूख गणिताच्या वहीसारखा दिसतो, आणि एरवी अशा आखीव दृश्याचा कंटाळा येणाऱ्या मलाही इथे तो आला नाही, कारण प्रत्येक चौकोनात राहणारा माणूस वेगळ्या ठिकाणाहून आलेला होता. एका मुरब्ब्यात फाळणीनंतर बहावलपूरकडून आलेले कुटुंब, पलीकडे पंजाबातून आलेले जाट शीख, त्यापुढे बिश्नोई. आमचे यजमान कांगड्याचे पहाडी.

कांगड्याचा माणूस वाळवंटात कसा आला, हे या मुक्कामाचे खरे कथानक आहे, आणि ते जाहिरातीत एका ओळीनेही नाही. बियास नदीवरचे पोंग धरण 1974 मध्ये पूर्ण झाले. त्याच्या पाण्याखाली 20 हजारांहून अधिक कुटुंबांची घरे व शेते गेली. त्या पाण्याचा मोठा लाभ राजस्थानला होणार होता, म्हणून विस्थापितांना राजस्थान कालव्याच्या लाभक्षेत्रात जमीन देण्याचे ठरले. हाच कालवा 1984 पासून इंदिरा गांधी कालवा म्हणून ओळखला जातो. पंजाबातील हरिके बंधाऱ्यापासून जैसलमेर जिल्ह्यातील मोहनगढपर्यंत त्याची लांबी 649 किलोमीटर आहे. जमीन वाटपाचे नियम 1972 मध्ये झाले. पण वाटप झालेल्या भूखंडावर आधीच दुसऱ्याचा कब्जा असणे, स्वतः राहून कसण्याची अट मोडली म्हणून वाटप रद्द होणे, आणि उन्हाळ्याला कंटाळून लोकांनी परत डोंगर गाठणे, असे प्रकार इतके झाले की प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अनेक कुटुंबांचा जमिनीचा हक्क अजूनही मिटलेला नाही. आमचे यजमान टिकून राहिलेल्या मोजक्यांपैकी आहेत.

हे मला वाटाड्याने सांगितले नाही. घरातल्या अम्मांनी सांगितले. माझे आजोळ जायकवाडीत गेले आहे, हे कळल्यावर त्यांनी हातातली परात बाजूला ठेवली आणि विचारले, “उन्हाळ्यात वर येते का?” धरणग्रस्ताशिवाय हा प्रश्न दुसरा कोणी विचारणार नाही. त्यांच्या पोंगच्या पाण्यात बाथू की लडी नावाचा जुना मंदिरसमूह बुडालेला असतो आणि पाणी ओसरले की उन्हाळ्यात तो पुन्हा उघडा पडतो. आमच्या मामांनीही नाथसागर खाली गेला की जुन्या गावाची जागा दुरून दाखवली होती, एवढेच मी सांगू शकलो.

आता मुक्कामाविषयी. खोल्या स्वच्छ, भिंती जाड, रजाया वजनदार. थंडी मात्र गंभीरपणे घ्यावी. पहाटे धुके इतके दाट असते की अंगणातला हातपंप दिसत नाही. गरम पाणी बंबातले, मागितल्यावर अर्ध्या तासाने मिळते. दर माणशी एका रात्रीला 1800 रुपये, दोन्ही वेळच्या जेवणासह, आणि तो मला वाजवी वाटला. ज्या मध्यस्थामार्फत आम्ही नोंदणी केली त्याने मात्र ‘सफारी शुल्क’ म्हणून वेगळी रक्कम घेतली, आणि ती कशाची होती हे यजमानांनाही सांगता आले नाही. पुढच्या वेळी थेट यजमानांशी बोलावे.

पिण्यासाठी गाळणयंत्राचे पाणी देतात आणि ते तेवढेच प्यावे. कालव्याचे पाणी पंजाबातून येताना कारखान्यांचे आणि शहरांचे सांडपाणी घेऊन येते, ही या भागातील जुनी तक्रार आहे, आणि डिग्गीच्या काठावर उभे राहिले की ती खोटी वाटत नाही. डिग्गी म्हणजे आपल्या शेततळ्याची बहीण. बारीत, म्हणजे आपल्या पाळीत, आलेले पाणी साठवायचे आणि नंतर लागेल तसे तुषार संचाने द्यायचे.

जेवणाला मी पूर्ण गुण देईन. पहिल्या दिवशी बाजरीची रोटी, सरसोंचे साग, लसणाची चटणी आणि काचरी या छोट्या रानकाकडीची भाजी, म्हणजे या प्रदेशाचे ताट. दुसऱ्या दिवशी अम्मांनी आपल्या मुलखाचे ताट केले. हरभऱ्याचा मदरा दह्यात मंद आचेवर शिजवलेला, वर तुपाची तार. त्यासोबत पतरोडे आले आणि माझी पत्नी हसू लागली, कारण ती अळूवडी होती. पानाला बेसन लावण्याची रीत तीच, गुंडाळी तीच, वाफवून कापणे तेच. गूळ नाही आणि चिंचेऐवजी सुक्या कैरीची पूड. वाळवंटात अळू कुठून, असे विचारल्यावर अम्मांनी डिग्गीच्या पाझरावरचा हातभर वाफा दाखवला. कांगड्याहून कंद आणून, थंडीत वर गवताचे आच्छादन घालून त्यांनी तो जपला आहे. फळ म्हणून किन्नू मिळतात. नागपुरी संत्र्याच्या सवयीने सोलायला जाल तर साल हट्टी लागेल आणि बिया मोजून दमाल, पण रस दुप्पट. ते चिरून किंवा पिळूनच खावे.

आता ज्यासाठी मी हा मुक्काम सुचवतो ती गोष्ट, म्हणजे बारी. मोघ्यातून येणारे पाणी आठवड्याच्या 168 तासांत सगळ्या मुरब्ब्यांना वाटलेले असते आणि प्रत्येकाची वेळ मिनिटांवर ठरलेली असते. चारी भरायला जो वेळ जातो त्याची ‘भराई’ म्हणून सूट मिळते आणि शेवटी चारीत उरलेले पाणी ज्याला मिळते त्याच्या वेळेतून ‘झराई’ कापली जाते, इतका तो हिशेब बारीक आहे. यजमानांची बारी रात्री 2 वाजून 20 मिनिटांनी सुरू होणार होती. यायचे का, असे त्यांनी जेवताना विचारले, ते पाहुण्याला बरे वाटावे म्हणून. मी खरोखर उठेन असे त्यांना वाटले नसावे.

दोन वाजता आम्ही चारीपाशी उभे होतो. यजमानांच्या खांद्यावर कस्सी, म्हणजे रुंद पात्याचे फावडे, आणि हातात विजेरी. शेजारचा शेतकरी आपल्या नाक्यावर बसून होता. दोघांनी घड्याळे जुळवली, काही बोलले नाहीत. ठरल्या मिनिटाला शेजाऱ्याने आपला नाका मातीने आणि प्लॅस्टिकच्या पोत्याने बंद केला आणि तो निघून गेला. थोडा वेळ काहीच झाले नाही. मग कोरड्या पानांची सळसळ ऐकू आली आणि विजेरीच्या प्रकाशात पाण्याचे तोंड दिसले. फेस, काड्या आणि शिसवीची पाने पुढे ढकलत ते माणसाच्या चालीने येत होते. यजमानांनी कस्सीच्या चार फटक्यांत नाका मोडला आणि पाणी गव्हात वळले. दूर पश्चिमेला पाकिस्तानच्या सीमेवरील तारबंदीच्या दिव्यांची पिवळी रेघ धुक्यात विरघळलेली होती. रात्रीच्या विजेवर दारे धरण्यात ज्यांचे आयुष्य गेले अशा मराठवाड्यातल्या माणसाला यात नवे काय, असे कोणी म्हणेल. नवे हे की मोटर नव्हती. आवाज फक्त पाण्याचा होता, आणि ते पाणी याच यजमानांच्या बुडालेल्या गावाच्या खोऱ्यातून निघाले होते. बियासचे पाणी सतलजला मिळते, हरिकेला वळते आणि इथे येते. अम्मा त्याला ‘घरचे पाणी’ म्हणतात.

कालवा बंद राहिला आणि वेळ फुकट गेली तर लोक म्हणतात, “बारी पिट गई.” 2004 मध्ये घडसाना आणि रावला भागात पाण्यासाठी झालेले शेतकऱ्यांचे उग्र आंदोलन इथे अजून कालच्यासारखे बोलले जाते.

तक्रारी दोन आहेत. पहिली वाटाड्याची. “कालव्याआधी इथे काहीच नव्हते,” हे वाक्य त्याने तीनदा उच्चारले. दुपारी राठी गाईंचे खिल्लार घेऊन जाणारे एक वृद्ध गुराखी भेटले. त्यांनी शांतपणे सांगितले की त्यांच्या वडिलांची गुरे याच जमिनीवर चरत असत आणि मुरब्बे पडल्यावर चराई संपली. एकाच्या पुनर्वसनात दुसऱ्याचे कुरण जाते, हे पाहुण्याला सांगायलाच हवे. दुसरी तक्रार अशी की सहलीत सेम दाखवत नाहीत. जमिनीखाली कठीण थर असेल आणि वरून पाणी अमाप सोडले, तर पाणी वर येते, मीठ फुटते आणि शेत मरते. यालाच इथे सेम म्हणतात. उसाच्या पट्ट्यात खारवट झालेल्या जमिनी पाहिलेल्या मराठी शेतकऱ्याला ती जागा पाच मिनिटांत सगळे सांगून जाईल. आम्ही आग्रह धरल्यावर यजमानांनी स्वतः मोटारसायकलवरून नेले. पांढऱ्या पडलेल्या त्या मुरब्ब्यात बाभळीची वाळलेली खोडे तेवढी उभी होती.

एकंदर पाचांपैकी चार गुण मी देईन, आणि कापलेला एक मध्यस्थाच्या आणि वाटाड्याच्या नावावर टाकीन. लहान मुलांना उंट दाखवायचा असेल तर बीकानेर गाठावे. ओळखपत्रे मूळ प्रतीत जवळ ठेवावीत, कारण सीमावर्ती भागात ती कधीही मागितली जातात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. मार्चनंतर दुरुस्तीसाठी नहरबंदी असते आणि तेव्हा कालव्यात पाणीच नसते. तारीख ठरवण्याआधी यजमानांना फोनवर एवढे एकच विचारावे की त्या आठवड्यात बारी कोणत्या रात्री आहे, कारण ती सात दिवसांतून एकदाच येते आणि पाहुण्यासाठी थांबत नाही.